जुने ग्राफिक्स कार्ड आता बदलावे की थांबावे?

ग्राफिक्स कार्ड आता पुरत नाही अशी शंका आली की बहुतेक जण आधी नव्या कार्डांची परीक्षणे पाहू लागतात. तिथल्या आलेखांत नव्या कार्डाची पट्टी आपल्या कार्डाच्या दुप्पट-तिप्पट लांब दिसते आणि खरेदीचा निर्णय जवळपास होऊनच जातो; तेवढ्यात कोणीतरी सांगते की पुढची पिढी लवकरच येणार आहे, आणि तोच निर्णय पुन्हा वर्षभर लांबतो. दोन्ही वेळा आपल्या संगणकात अडचण नेमकी कुठे आहे हे पाहायचे राहून जाते. या लेखातली पद्धत वेगळ्या क्रमाने जाते: आधी स्वतःची गरज, मग स्वतःच्या संगणकाची मोजणी, त्यानंतर खर्चाविना होणाऱ्या सुधारणा, आणि बाजाराचा विचार अगदी शेवटी. थांबण्याला माझा विरोध नाही. मात्र कशासाठी थांबतो आहोत आणि कोणत्या महिन्यापर्यंत, या दोन प्रश्नांची उत्तरे तयार असतील तरच त्या थांबण्याला अर्थ असतो.

पहिली पायरी: गरज एका वाक्यात लिहून काढा

‘गेम नीट चालत नाहीत’ ही तक्रार झाली. तिच्यावरून कार्ड निवडता येत नाही. कोणते गेम किंवा कोणते काम, कोणत्या रिझोल्यूशनवर, कोणत्या सेटिंगवर आणि सेकंदाला किती फ्रेम, हे चारही तपशील एका वाक्यात यायला हवेत. ‘अलीकडचे कथाप्रधान गेम, २५६० गुणिले १४४० रिझोल्यूशनवर, मध्यम ते उच्च सेटिंगवर, ६० फ्रेमच्या खाली न घसरता’ हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण ते पूर्ण झाले की नाही हे मोजता येते.

हे वाक्य लिहिताना मॉनिटरकडे नीट पाहावे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, आणि ३८४० गुणिले २१६० च्या, म्हणजे ४के, पडद्यावर सुमारे ८२.९ लाख. म्हणजे १०८० चा मॉनिटर काढून त्या जागी ४के मॉनिटर ठेवला की प्रत्येक फ्रेममध्ये रंगवायचे पिक्सेल चौपट होतात. कार्ड अचानक जुने वाटू लागण्याचे कारण पुष्कळदा हा नवा मॉनिटरच असतो. उलट मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर ६० च्या वरच्या फ्रेम तयार झाल्या तरी त्या पूर्णपणे दिसत नाहीत. प्रतिसाद थोडा जलद वाटतो, इतकाच फायदा. ६० फ्रेमसाठी कार्डाला प्रत्येक फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ फ्रेमसाठी फक्त ६.९. या दोन लक्ष्यांसाठी लागणारी कार्डे वेगळ्याच वर्गातली असतात.

व्हिडिओ संपादन, त्रिमितीय चित्रण किंवा स्वतःच्या संगणकावर एआय मॉडेल चालवणे हा मुख्य हेतू असेल, तर फ्रेमपेक्षा कार्डाची मेमरी आणि आपल्या सॉफ्टवेअरचा त्या कार्डाला असलेला आधार या दोन गोष्टींना महत्त्व येते. अशा कामात मॉडेल किंवा दृश्य मेमरीत मावले नाही तर काम कूर्मगतीने चालते किंवा सुरूच होत नाही, त्यामुळे निर्णय एका अर्थाने सोपा होतो.

दुसरी पायरी: अडथळा कार्डाचाच आहे का, हे मोजा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि चुकीची खरेदी बहुधा इथूनच सुरू होते. एमएसआय आफ्टरबर्नर व त्याच्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर, किंवा इंटेलचे प्रेझेंटमॉन, ही साधने मोफत मिळतात. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात पाच आकडे दिसतील अशी व्यवस्था करावी: सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम, कार्डाचा वापर टक्क्यांत, वापरात असलेली कार्डाची मेमरी, कार्डाचे तापमान आणि त्याचा क्लॉक, म्हणजे चिप चालण्याचा वेग. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची कमाल मर्यादा आधी बंद करावी, कारण मर्यादा चालू असली तर कार्ड मोकळे असल्यासारखे दिसते आणि निष्कर्ष उलटा निघतो. मग ज्या गेममध्ये त्रास होतो तोच गेम, आणि त्यातला त्रास देणारा तोच भाग, दहा-पंधरा मिनिटे खेळून आकडे लिहून ठेवावेत. गेमसोबत येणारी तयार चाचणी सोयीची असली तरी ती प्रत्यक्ष खेळातल्या सर्वांत जड प्रसंगाइतकी जड असेलच असे नाही.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल आणि फ्रेम कमी पडत असतील, तर अडथळा कार्डाचा आहे. वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असूनही फ्रेम वाढत नसतील, तर कार्डाला काम पुरवणारा प्रोसेसर किंवा संगणकाची रॅम कमी पडते आहे. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. बाकीच्या सेटिंग तशाच ठेवून रिझोल्यूशन एकदम खाली आणावे, १४४० वरून १०८० वर किंवा १०८० वरून ७२० वर. फ्रेम भरघोस वाढल्या तर कार्ड बदलण्याचा फायदा होईल. त्या जिथल्या तिथे राहिल्या तर नवे कार्ड बसवूनही त्याच आकड्याभोवती फिरावे लागेल, कारण कमी झालेला भार कार्डाचा होता आणि तो कमी होऊनही काही बदलले नाही. इथे प्रोसेसरच्या एकूण वापराचा आकडा फसवा असतो. आठ कोअरचा प्रोसेसर ३० टक्केच वापरात दिसत असतानाही गेमचा मुख्य थ्रेड, म्हणजे कामाचा मुख्य धागा, एका कोअरवर पूर्ण अडकलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक कोअरचा वापर वेगवेगळा पाहावा.

सरासरी फ्रेमबरोबर सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा आकडाही नोंदवावा. सरासरी ७० आणि हा आकडा २० असेल तर खेळताना अडखळणे जाणवणारच, मात्र त्याचे कारण कार्डाची ताकद कमी असणे हेच असेल असे नाही. रॅमची एकच पट्टी बसवलेली असणे, रॅम तिच्या नोंदलेल्या वेगाऐवजी मूळ कमी वेगावर चालणे, गेम जुन्या हार्ड डिस्कवर असणे, पार्श्वभूमीवर काहीतरी डाउनलोड होत असणे, यांपैकी काहीही असू शकते. रॅमची दुसरी पट्टी बसवून किंवा बायोसमधले, रॅम नोंदलेल्या वेगावर चालवणारे एक्सएमपी प्रोफाइल चालू करून अडखळणे थांबले, तर कार्डाचा विषय तिथेच निम्मा मिटतो.

तिसरी पायरी: कार्डाची मेमरी वेगळी तपासा

ताकद कमी पडणे आणि मेमरी कमी पडणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. ताकद कमी पडली की फ्रेम एकसारख्या कमी होतात आणि सेटिंग थोड्या उतरवल्या की त्या प्रमाणात सुधारतात. मेमरी कमी पडली की कार्डाला संगणकाच्या रॅममधून माहिती ओढावी लागते, आणि तो मार्ग कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी अरुंद असतो. परिणाम म्हणून गेम पहिली दहा मिनिटे उत्तम चालतो, मग वळणावर झटके बसू लागतात. भिंती आणि चेहरे काही काळ धुरकट दिसून मग स्पष्ट होतात, किंवा धुरकटच राहतात. काही गेम झटके न देता गुपचूप हलक्या प्रतीची टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे, वापरतात, त्यामुळे आलेखात सगळे ठीक दिसते आणि पडद्यावर दिसत नाही.

तपासताना एक बारकावा लक्षात ठेवावा. आफ्टरबर्नर दाखवतो ती मेमरी गेमने राखून ठेवलेली असते, आणि मोकळी जागा दिसली की गेम गरजेपेक्षा जास्त राखून ठेवतात. म्हणून ‘८ जीबीपैकी ७.६ वापरात’ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये समर्पित मेमरी आणि सामायिक मेमरी असे दोन आलेख असतात. पहिला शिगोशिग भरलेला असताना दुसरा चढत असेल, आणि त्याच वेळी झटके बसत असतील, तर निदान पक्के. शिवाय टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणून पाहावी. टेक्स्चरचा कार्डाच्या ताकदीवर फारसा भार नसतो, त्यामुळे फक्त तेवढ्या बदलाने झटके थांबले तर मेमरीच अपुरी होती, हे सिद्ध होते.

मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ संगणकावर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांवर त्याची टेक्स्चर अतिशय वाईट दिसत होती. पुढच्या अद्ययावत आवृत्त्यांनी परिस्थिती बरीच सुधारली. यातून दोन गोष्टी दिसल्या. नवा गेम आल्याच्या पहिल्या आठवड्यातल्या अनुभवावरून कार्ड बदलण्याची घाई करू नये, ही एक. दुसरी अशी की एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०७० सारखे ताकदीने भक्कम कार्ड मेमरीपायी आधी म्हातारे होऊ शकते, आणि त्याच्याहून कमकुवत असलेले १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० काही प्रसंगी त्याच्यापेक्षा स्थिर चालू शकते. आज नवे कार्ड घेऊन ते चार-पाच वर्षे वापरायचे असेल, तर ८ जीबीचे कार्ड मी फक्त १०८० रिझोल्यूशन आणि हलके किंवा स्पर्धात्मक गेम एवढ्यासाठीच सुचवेन. १४४० साठी १२ जीबी ही खालची मर्यादा धरावी, आणि १६ जीबी मिळत असेल तर निश्चिंत राहता येते.

चौथी पायरी: खर्चाविना जे सुधारता येते ते आधी सुधारा

पाच-सहा वर्षे चाललेल्या कार्डाच्या पंख्यांत आणि पत्र्यांत धूळ साचलेली असते आणि चिपवरची थर्मल पेस्ट सुकलेली असते. तापमान वाढले की कार्ड स्वतःहून क्लॉक उतरवते, म्हणजे आपण विकत घेतलेली ताकदच पूर्ण वापरली जात नसते. दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेले तापमान आणि क्लॉक इथे कामी येतात: खेळ सुरू झाल्यावर क्लॉक हळूहळू खाली येत असेल आणि तापमान ८० अंशांच्या वर स्थिरावत असेल, तर साफसफाई करून पुन्हा मोजावे. कार्ड उघडून पेस्ट बदलण्याचा सराव नसेल तर ते काम जाणकाराकडून करून घ्यावे, कारण मेमरीवरच्या थर्मल पॅडची जाडी चुकली तर कार्ड पूर्वीपेक्षा जास्त तापते. व्होल्टेज किंचित कमी करून तोच क्लॉक टिकवण्याचा उपायही जुन्या कार्डांवर चांगला लागू पडतो. उष्णता आणि आवाज दोन्ही कमी होतात.

त्यानंतर सेटिंग. सर्वोच्च आणि उच्च या दोन पातळ्यांत डोळ्यांना दिसणारा फरक बहुधा थोडा असतो आणि भारातला फरक मोठा. सावल्या, प्रतिबिंबे, व्हॉल्युमेट्रिक धुके आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या काढण्याचे तंत्र) या चार गोष्टी आधी उतरवाव्यात, टेक्स्चर शेवटी.

अपस्केलिंगने, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे करण्याच्या तंत्राने, जुन्या कार्डांचे आयुष्य खरोखर वाढवले आहे. एनव्हिडियाचे डीएलएसएस सर्व आरटीएक्स कार्डांवर, म्हणजे २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे चालते, आणि त्याची सुधारित मॉडेलही त्या जुन्या कार्डांना मिळाली आहेत. एएमडीचे एफएसआर २ आणि ३ तसेच इंटेलचे एक्सईएसएस इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात. एफएसआर ४ मात्र एएमडीने अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेसाठी आणले. ‘क्वालिटी’ पातळीवर डीएलएसएस ४के चित्र १४४० वरून आणि १४४० चे चित्र ९६० वरून तयार करते, यावरून किती भार वाचतो याचा अंदाज यावा. १०८० च्या पडद्यावर मात्र मूळ चित्रच ७२० चे उरते, म्हणून तिथे धूसरपणा अधिक जाणवतो.

फ्रेम जनरेशनला मी या यादीत धरत नाही. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालते, त्यामुळे हालचाल मऊ दिसते, पण माऊसचा प्रतिसाद सुधारत नाही, उलट थोडा मंदावतो. शिवाय त्याला जास्तीची मेमरी लागते. मूळ फ्रेम ६० च्या आसपास असतील तेव्हाच ते शोभते. ज्याचे कार्ड ३० फ्रेमवर रखडले आहे त्याच्या दुखण्यावर हे औषध नाही.

पाचवी पायरी: जिथे सेटिंग उतरवून भागत नाही त्या भिंती ओळखा

वरच्या सर्व उपायांनी वेग वाढतो. कार्डात मुळात नसलेली क्षमता त्यांनी येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम: द डार्क एजेस’ या दोन्ही गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग असलेले कार्ड लागते. जीटीएक्स १०८० टाय हे ११ जीबी मेमरीचे, एके काळी सर्वांत वेगवान असलेले कार्ड तिथे अडते, आणि त्याच्याहून कितीतरी साधे आरटीएक्स कार्ड चालते. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ॲलन वेक २’ मेश शेडर (दृश्यातल्या आकारांची भूमिती हाताळण्याची कार्डातली नवी सोय) गृहीत धरून आला, आणि ती सोय नसलेल्या जीटीएक्स १० मालिकेवर तो सुरुवातीला फारच रडतखडत चालला.

ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आधार ही दुसरी भिंत. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे मुख्यतः जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १० मालिकांसाठी नव्या गेमना अनुकूल ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. एएमडीनेही पोलारिस आणि व्हेगा कार्डे, म्हणजे आरएक्स ५८० आणि तिच्या भावंडांची कार्डे, २०२३ मध्येच मुख्य ड्रायव्हरपासून वेगळी केली. याचा अर्थ ही कार्डे बंद पडतील असा नाही. आजवर चालणारे गेम चालतच राहतील. पण पुढच्या वर्षी येणारा गेम त्यांच्यावर बिघडला तर दुरुस्ती येण्याची आशा ठेवू नये. तुमच्या पहिल्या पायरीतल्या वाक्यात ‘अलीकडचे गेम’ असतील आणि कार्ड या यादीत असेल, तर थांबण्याच्या बाजूचे वजन बरेच कमी होते. वाक्यात फक्त पाच वर्षांपूर्वीचे गेम असतील, तर या भिंतीशी तुमचा काही संबंध नाही.

पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा रेषा दिसू लागल्या असतील, किंवा ड्रायव्हर स्वच्छ करून पुन्हा बसवूनही संगणक खेळताना बंद पडत असेल, तर कार्ड अखेरच्या टप्प्यावर असण्याची शक्यता आहे. ते दुसऱ्या संगणकात बसवून पाहावे. तिथेही तेच झाले तर पुढच्या पिढीची चर्चा बाजूला ठेवून आज मिळणाऱ्या कार्डांतून निवड करावी.

सहावी पायरी: बाकीचा संगणक नवे कार्ड पेलेल का?

कार्डाची किंमत पाहताना त्याच्यामुळे ओढवणारा खर्च विसरला जातो. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो, सहा पिनांची जोडणी आणखी ७५ आणि आठ पिनांची १५०. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट पुरत होते. आरटीएक्स ५०७० ला २५० आणि आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४ लागतात. पॉवर सप्लाय कार्डाइतकाच जुना असेल तर केवळ वॅटचा आकडा पाहून भागत नाही, कारण अलीकडची मोठी कार्डे क्षणार्धासाठी त्यांच्या नोंदलेल्या वॅटपेक्षा बरीच अधिक वीज ओढतात आणि जुना सप्लाय त्या उसळीने बंद पडू शकतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्या सहन करण्याची अट आहे. बारा व्होल्टची नवी सोळा पिनांची जोडणी असलेले कार्ड घेतले तर तिचा प्लग पूर्ण आत, फट न ठेवता बसला आहे हे डोळ्यांनी तपासावे. नीट न बसलेल्या जोडण्या वितळल्याची प्रकरणे आरटीएक्स ४०९० च्या वेळी गाजली होती.

स्लॉटच्या पिढीकडेही पाहावे. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही कार्डे आठच पीसीआयई मार्गिका (कार्ड आणि मदरबोर्ड यांमधल्या माहितीच्या वाटा) वापरतात, आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. नव्या मदरबोर्डवर याने फारसे बिघडत नाही, पण पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डवर तो रस्ता निम्मा किंवा त्याहूनही अरुंद होतो, आणि मेमरी भरून वाहू लागली की तोटा लगेच दिसतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय चालू असावी लागते. ती नसलेल्या बोर्डवर त्यांचा वेग बराच पडतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले १२ जीबीचे आर्क बी५८० चांगले कार्ड आहे, पण त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवर भार जास्त पडत असल्याने जुन्या, मंद प्रोसेसरसोबत ते परीक्षणात दिसलेल्या आकड्यांपर्यंत पोहोचत नाही. गंमत अशी की जुना संगणक स्वस्तात सुधारू पाहणाऱ्यालाच ते सर्वांत आकर्षक वाटते.

कॅबिनेटमधली लांबी आणि कार्डाची जाडी टेपने मोजावी. यावर अधिक सांगण्यासारखे काही नाही.

सातवी पायरी: उडी पुरेशी मोठी आहे का, ते ठरवा

परीक्षणांतून नव्या आणि जुन्या कार्डाची तुलना काढताना तीन अटी पाळाव्यात: रिझोल्यूशन आपले असावे, अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन दोन्हींकडे बंद किंवा दोन्हींकडे सारखे असावे, आणि आकडे किमान दोन स्वतंत्र परीक्षकांचे असावेत. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० म्हणजे आरटीएक्स ४०९० ची कामगिरी असे सादरीकरणात सांगितले गेले. तो दावा बनवलेल्या फ्रेम मोजूनच उभा राहत होता. अटी न पाळता केलेली तुलना अशीच असते.

माझा ठोकताळा असा: खऱ्या फ्रेममध्ये ३० टक्क्यांपेक्षा कमी वाढ असेल तर पैसे खर्च करू नयेत, कारण ५० च्या ६५ फ्रेम झाल्याचा आनंद आठवडाभर टिकतो. ५० ते ७० टक्के वाढ आणि सोबत मेमरीतही वाढ असेल तर विचार करण्याजोगे आहे. दुप्पट मिळत असेल तर फरक रोज जाणवतो. मोठ्या वाढीच्या या अटीला एकच अपवाद आहे: पाचव्या पायरीतली भिंत ओलांडायची असेल तर टक्केवारी गौण ठरते.

नावावरून उडीचा अंदाज बांधू नये. जीटीएक्स १०६० चे ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते आणि त्यांत मेमरीशिवाय कोअरची संख्याही वेगळी होती. आरटीएक्स ३०६० ची मूळ मेमरी १२ जीबी, तर तिच्यानंतरच्या ४०६० ची ८. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर एनव्हिडियाने जाहीर केलेले १२ जीबीचे आरटीएक्स ४०८० टीकेनंतर मागे घेतले, आणि ते काही महिन्यांनी ४०७० टाय या नावाने बाजारात आले.

आठवी पायरी: थांबण्याचा हिशेब मांडा

इथवर आल्यावर कार्ड बदलणे योग्य आहे असे ठरले असेल, तरच बाजाराकडे वळावे. एनव्हिडियाच्या पिढ्यांचे आरंभ पाहिले तर मे २०१६, सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ असा क्रम दिसतो. दोन पिढ्यांत २४ ते २८ महिन्यांचे अंतर. महत्त्वाचे म्हणजे आधी वरची, महाग कार्डे येतात. बहुतेकांना परवडणारे ६० क्रमांकाचे कार्ड ३० मालिकेत सुमारे पाच, ४० मालिकेत आठ आणि ५० मालिकेत चार महिन्यांनी आले. त्यात पहिल्या काही महिन्यांचा तुटवडा आणि चढे भाव धरले, तर ‘पुढची पिढी सहा महिन्यांत’ ही बातमी मध्यम कार्ड घेणाऱ्यासाठी प्रत्यक्षात एक वर्षाची असते. पिढी चालू होऊन वर्षही झाले नसेल तर पुढच्या पिढीसाठी थांबणे मला अयोग्य वाटते. ती येण्यास दोन-तीन महिने उरले असून जाहीर घोषणा झाली असेल, तर थांबणे योग्य.

भाव उतरण्यासाठी थांबायचे असेल तर एक साधा हिशेब करावा. नवे कार्ड आज घेतले तर चार वर्षे, म्हणजे ४८ महिने पुरेल असे धरू. ते कार्ड कालबाह्य होण्याची तारीख तुम्ही ते कधी विकत घेतले यावर ठरत नाही, ती नव्या गेमच्या मागणीवर ठरते. सहा महिने थांबून तेच कार्ड घेतले तर ४२ महिनेच मिळतील, म्हणजे आठवा हिस्सा गेला. म्हणून सहा महिन्यांत भाव साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त उतरणार असेल तरच थांबण्यात काही हाती लागते. तेवढ्या काळात तुमच्या जुन्या कार्डाची पुनर्विक्री किंमतही उतरते, ती वेगळीच. हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी: त्या सहा महिन्यांत तुम्ही फारसे खेळणारच नसाल, परीक्षा किंवा कामाचा हंगाम असेल, तर गमावण्यासारखे काही नाही आणि थांबणेच बरे.

भाव उतरतीलच, हे गृहीतकही तपासून पाहावे. २०२० च्या अखेरीपासून कार्डांचा तुटवडा आणि क्रिप्टो मायनिंग (कार्डे चालवून क्रिप्टो चलन मिळवणे) यांमुळे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेले. तेव्हा ज्यांनी थांबायचे ठरवले त्यांना दीड-दोन वर्षे थांबावे लागले; १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाने कार्डांवरचे मायनिंग संपवले आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढू लागले. ग्राफिक्स कार्डांची मेमरीही त्याच मोजक्या कंपन्या बनवतात, त्यामुळे जास्त मेमरीच्या कार्डांवर हा ताण आधी दिसतो. अशा काळात मूळ जाहीर किमतीला किंवा तिच्या आसपास कार्ड मिळत असेल, तर आणखी उतरण्याची वाट पाहणे हा सट्टा आहे. भाव मूळ किमतीच्या बरेच वर असतील आणि कार्डाची निकड नसेल, तर चौथ्या पायरीतले उपाय करून थांबावे आणि तीन महिन्यांनंतरची एक तारीख लिहून ठेवावी. त्या दिवशी भाव पुन्हा पाहून निर्णय घ्यावा, रोज पाहू नये.

नववी पायरी: वापरलेले कार्ड हा मधला मार्ग

निकड आहे, पण पिढीच्या शेवटी पूर्ण किंमत मोजायची नाही, अशा वेळी एक पिढी जुने वापरलेले कार्ड चांगले ठरते. आरटीएक्स २० किंवा आरएक्स ६००० मालिकेच्या आधीचे कार्ड मात्र आता घेऊ नये, कारण हार्डवेअर रे ट्रेसिंगची भिंत तिथेच उभी आहे. एएमडीचे आरएक्स ५७०० एक्सटी वेगाने ठीक असूनही याच कारणाने मागे पडते. मायनिंगमध्ये वापरलेले कार्ड म्हणजे निकामी असे समजायचे कारण नाही. चिप सहसा टिकते, पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड झिजतात. विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून पाहावा, जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे साधन उघडून मॉडेल, मेमरीचा आकार आणि कोअरची संख्या ताडून घ्यावी, सर्व डिस्प्ले पोर्ट एकेक करून तपासावेत, आणि हमी दुसऱ्याच्या नावे चालते का हे कंपनीच्या नियमांत वाचावे.

दहावी पायरी: घेतल्यानंतरचे पहिले आठ दिवस

नवे कार्ड बसवण्याआधी जुना ड्रायव्हर पूर्ण काढून टाकावा, विशेषतः कंपनी बदलत असेल तर. कार्ड बसल्यावर दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेलीच चाचणी, त्याच गेममध्ये आणि त्याच सेटिंगवर पुन्हा करावी. परीक्षणांतून अपेक्षित असलेली वाढ आणि प्रत्यक्ष वाढ यांत मोठी तफावत दिसली, तर मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डला जोडलेली नाही ना, कार्ड योग्य स्लॉटमध्ये आहे ना, जीपीयू-झेडमध्ये पीसीआयईच्या मार्गिका अपेक्षेइतक्या दिसतात ना, आणि रिसायझेबल बार चालू आहे ना, हे याच क्रमाने पाहावे. सर्व ठीक असूनही कार्डाचा वापर ७० टक्क्यांवर अडकला असेल तर प्रोसेसरने हात टेकले आहेत. अशा वेळी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक पायरी खालचे कार्ड घेऊन उरलेले पैसे प्रोसेसरकडे वळवणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी खोका, आतले वेष्टण आणि पावती मुदत संपेपर्यंत जपून ठेवावी, आणि जुने कार्डही तोवर विकू नये.